अक्षर, रेघ आणि मधला तक्ता

मराठीत 'दुःख' हा शब्द दोन प्रकारे टाइप केलेला आढळतो: विसर्ग देऊन आणि कोलन देऊन. छापील पानावर दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात. फायलीत मात्र विसर्गाचा युनिकोड क्रमांक 2307 आणि कोलनचा 58. विसर्ग देऊन शब्द शोधायला गेले की कोलनवाली सगळी दुःखे हातातून निसटतात. अभंगाच्या चरणाशेवटी दंड हवा असतो, त्याचा क्रमांक 2404. पण कळफलकावर तो चटकन सापडत नाही म्हणून पुष्कळ जण 124 क्रमांकाची उभी रेघ देऊन मोकळे होतात. 'ॲ' हे अक्षर 2008 सालच्या युनिकोड 5.1 पासून 2418 या स्वतंत्र क्रमांकावर आहे. तरी असंख्य फायलींत ते 'अ' (2309) आणि वरचा अर्धचंद्र (2373) अशा दोन तुकड्यांत साठवलेले असते. मुद्रितशोधकाची नजर कितीही तयार असो, इथे तिचा इलाज चालत नाही. त्याच्यासमोर येते ते त्या मजकुराचे एडिटरने ठरवलेले रूप. फायलीतले क्रमांक त्याला दिसतच नाहीत.

हे रूप ठरते कसे, ते आपल्याला बदलता येते का, बदलल्यावर मूळ फाईल शाबूत राहते का आणि या खटाटोपाचा रोजच्या कामाला उपयोग काय, एवढाच या पुस्तिकेचा विषय. उदाहरणासाठी इमॅक्स हा एडिटर घेतला आहे. त्याची पहिली आवृत्ती 1976 मध्ये एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत टेको या जुन्या एडिटरवरच्या मॅक्रोंचा संच म्हणून तयार झाली. आज आपण वापरतो तो ग्नू इमॅक्स रिचर्ड स्टॉलमन यांनी 1985 मध्ये लोकांपुढे आणला. इमॅक्स निवडण्याचे कारण त्याचे वय नाही. कोणते अक्षर कसे दाखवायचे हा निर्णय बहुतेक एडिटर पोटात ठेवतात. इमॅक्सने तो एका उघड्या तक्त्यात मांडून ठेवला आहे. त्याला डिस्प्ले टेबल म्हणतात. तक्त्यात प्रत्येक अक्षरासाठी एक खण असतो. खण रिकामा असेल तर अक्षर नेहमीच्या रिवाजाने दिसते. खणात काही ठेवले असेल तर ते दिसते. ठेवलेली वस्तू एकच चिन्ह असू शकते, चिन्हांची रांग असू शकते, किंवा शून्य लांबीची रांग असू शकते. या शेवटच्या प्रकारात अक्षर फायलीत असते, पडद्यावर नसते.

आधी नेहमीचा रिवाज समजून घेऊ, कारण तोही कोणीतरी ठरवलेलाच आहे. 32 ते 126 या क्रमांकांची अक्षरे जशीच्या तशी दिसतात. त्याखालची 0 ते 31 ही नियंत्रण-अक्षरे मुळात टेलिप्रिंटरला द्यायच्या आज्ञा होत्या. त्यांना चेहरा नाही. मग टॅब आणि ओळ संपवणारे अक्षर सोडून बाकीची दाखवायची कशी? क्रमांकात 64 मिळवायचे, जे इंग्रजी अक्षर येईल ते घ्यायचे आणि त्याच्या आधी ^ हे चिन्ह लावायचे. टेलिप्रिंटरचा गाडा ओळीच्या सुरुवातीला नेणारे अक्षर 13 क्रमांकाचे. 64 मिळवले की 77, म्हणजे इंग्रजी कॅपिटल एम. विंडोजवरून आलेल्या फायलीत ओळीच्या टोकाला ^ आणि एम अशी जोडी दिसते ती हीच. विंडोज ओळ संपवताना 13 आणि 10 ही दोन्ही अक्षरे लिहिते, युनिक्स फक्त 10. इमॅक्स सगळ्या ओळी विंडोजच्या पद्धतीच्या असतील तर 13 लपवतो आणि खालच्या मोड लाइनमध्ये तशी नोंद करतो. काही ओळी एका पद्धतीच्या आणि काही दुसऱ्या असतील तर मात्र लपवाछपवी सोडून सगळे उघडे पाडतो. म्हणजे ती जोडी दिसली की समजायचे: ही फाईल किमान दोन हातांतून गेली आहे.

ज्या बाइटचा अर्थच लागत नाही, तो इमॅक्स उलट्या तिरक्या रेघेपुढे तीन अंक लिहून दाखवतो. हे अंक आठच्या पायातले असतात. जुन्या विंडोज फायलीत जागोजाग \222 दिसले तर घाबरायचे कारण नाही. तो विंडोजच्या जुन्या पाश्चात्त्य सांकेतीकरणातला 146 क्रमांकाचा वळणदार अपॉस्ट्रॉफी. \223 आणि \224 ही दुहेरी अवतरणचिन्हे. फाईल योग्य सांकेतीकरण सांगून पुन्हा उघडली की ही आकडेमोड नाहीशी होते.

न तुटणारी स्पेस हा याहून बेरकी प्रकार. क्रमांक 160. दिसायला साध्या स्पेससारखीच. काम एवढेच की त्या जागी ओळ तुटू द्यायची नाही. वर्ड प्रोसेसरमधून किंवा वेबपानावरून मजकूर उचलला की ती बरोबर येते, आणि मॅकवर ऑप्शनची कळ दाबलेली असताना स्पेस दिली तरी उमटते. कवितेत ती निरुपद्रवी असते. प्रोग्राममध्ये शिरली की पायथन अडून बसतो, आणि शेल 'अशी कमांड नाही' म्हणून परत पाठवते, तेही डोळ्यांना अगदी बरोबर दिसणाऱ्या ओळीवर. इमॅक्स ती मुळातच वेगळ्या रंगात दाखवतो. व्हाइटस्पेस-मोड लावला तर चित्र आणखी स्पष्ट होते: साध्या स्पेसच्या जागी मध्यावर ठिपका ·, टॅबच्या जागी », न तुटणाऱ्या स्पेसच्या जागी ¤ आणि ओळीच्या टोकाला $. मोड बंद केला की सगळी चिन्हे जातात. फाईल जतन केली तरी त्यांतले एकही चिन्ह तिच्यात गेलेले नसते.

पुस्तिकेचा कणा हाच आहे. तक्ता बदलल्याने मजकूर बदलत नाही. शोध मूळ अक्षरांवर चालतो, जतन मूळ अक्षरेच होतात. त्यामुळे प्रयोग करायला भीती नाही, आणि एकदा भीती गेली की या सोयीकडे बघण्याची दृष्टीही बदलते. पुष्कळांनी पडदा सजवण्यासाठी हा तक्ता वापरला. माझा आग्रह असा की तो तपासणीचे हत्यार म्हणून वापरावा, आणि काम बदलले की तक्ताही बदलावा.

एक उदाहरण जवळून पाहू. दीडदोनशे पानांचे हस्तलिखित युनिकोडमध्ये टाइप होऊन आले आहे आणि त्यातले विसर्गाच्या जागी पडलेले कोलन शोधायचे आहेत. आंधळेपणाने सगळे कोलन बदलून चालणार नाही; संवादांत, वेळ लिहिताना, यादी सुरू करताना खरे कोलनही आलेले असतात. अशा वेळी त्या बफरपुरता, म्हणजे इमॅक्सने उघडून ठेवलेल्या त्या मजकुरापुरता, एक नवा तक्ता करायचा आणि 58 क्रमांकाच्या खणात कोलनच ठेवायचा, फक्त लाल रंगात. इमॅक्समध्ये खणात ठेवायच्या चिन्हाबरोबर त्याचा रंग आणि जाडी सांगता येते. एवढे केले की पानावर लाल ठिपक्यांच्या जोड्या उठून दिसतात. वाक्याच्या सांध्यावर बसलेल्या जोड्या सोडून द्यायच्या. 'दु:ख', 'अंत:करण', 'स्वत:' यांच्या पोटातल्या पकडायच्या. वाचणाऱ्याला शब्दन्‌शब्द तपासावा लागत नाही, नजर लाल खुणेवरून लाल खुणेवर जाते. अभंगगाथेसारखा मजकूर असेल तर 124 क्रमांकाच्या उभ्या रेघेलाही असाच रंग द्यावा. खरा दंड काळा राहतो, तोतया लाल होतो. एक सूचना: विंडोच्या, म्हणजे इमॅक्समध्ये बफर दाखवणाऱ्या पडद्याच्या भागाच्या, तळाशी असलेली मोड लाइनही याच तक्त्याने दिसते, त्यामुळे तिथले कोलन लाल झाले तर गोंधळू नये.

तक्ता तीन ठिकाणी नेमता येतो. एक सर्वांसाठीचा प्रमाण तक्ता, एक बफरचा आणि एक विंडोचा. विंडोचा तक्ता असेल तर तो चालतो. नसेल तर बफरचा. तोही नसेल तर प्रमाण तक्ता. हे तीन एकमेकांत मिसळत नाहीत, हे नीट लक्षात ठेवले पाहिजे. बफरला स्वतःचा तक्ता मिळाला की प्रमाण तक्त्यात केलेले सगळे बदल त्या बफरपुरते बाद होतात, जोवर आपण ते नव्या तक्त्यात पुन्हा भरत नाही. नवख्यांच्या निम्म्या तक्रारी या एका नियमाच्या अज्ञानातून येतात. याच नियमाचा फायदाही घेता येतो. एकच बफर दोन विंडोंत उघडायचा, डावीकडे नेहमीचा तक्ता ठेवायचा आणि उजवीकडे तपासणीचा. डावीकडे लिहावे, उजवीकडे बघावे.

अक्षरांच्या खणांखेरीज या तक्त्यात सहा जादा खण आहेत, आणि विषयाचा दुसरा भाग तिथून सुरू होतो. लांब ओळ कडेला कापली गेली असेल तर दाखवायचे चिन्ह, साधारणपणे $, ओळ पुढच्या रांगेत वळली असेल तर उलटी तिरकी रेघ, आठच्या पायातल्या अंकांआधीचे चिन्ह, नियंत्रण-अक्षरांआधीचे ^, घडी घातलेल्या मजकुराच्या जागी येणारी तीन टिंबे, आणि शेजारशेजारच्या दोन विंडोंमधली सीमारेघ. ही सहाही चिन्हे फायलीत कुठेच नसतात. एडिटर वाचकाला ज्या खुणा करतो त्या या. तीन टिंबांचा खण ऑर्ग-मोड वापरणाऱ्यांच्या परिचयाचा असेल: मथळ्याखालचा मजकूर मिटला की जी टिंबे उरतात, ती इथून येतात.

सीमारेघेची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. टर्मिनलवर चालणाऱ्या इमॅक्समध्ये दोन विंडोंच्या मध्ये प्रत्येक ओळीवर एकेक 124 क्रमांकाची उभी रेघ छापली जाते. ही चिन्हे एकमेकांना टेकत नाहीत, म्हणून सीमा अखंड न दिसता तुटक दिसते. सलग रेघांची गरज टर्मिनल बनवणाऱ्यांना फार लवकर भासली होती. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या 1978 मधल्या व्हीटी 100 टर्मिनलमध्ये रेघांचा एक वेगळा अक्षरसंच होता. एक आज्ञा पाठवून तो चालू करायचा, मग इंग्रजी छोट्या एक्सचा कोड पाठवला की पडद्यावर उभी सलग रेघ उमटे, आणि क्यूचा पाठवला की आडवी. आपण ज्याला तक्ता म्हणतो आहोत तोच तिथे यंत्राच्या पोटात बसवलेला होता. पुढे 1981 मध्ये आयबीएम पीसी आला. त्याच्या 437 क्रमांकाच्या कोडपेजमध्ये एकेरी आणि दुहेरी रेघा, कोपरे, फाटे यांना स्वतःचे क्रमांक मिळाले. इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर ज्यांनी प्रोग्राम लिहिले, त्यांनी त्या दुहेरी रेघांच्या चौकटी वर्षानुवर्षे पाहिल्या आहेत. युनिकोडने रेघांचा हा संसार 9472 ते 9599 अशा 128 घरांत बसवला. त्यातली 9474 ही बारीक उभी रेघ │, 9475 ही जाड ┃ आणि 9553 ही दुहेरी ║.

सीमारेघेच्या खणात 9474 ठेवले की टर्मिनलवरचा इमॅक्स एकदम नीटनेटका दिसू लागतो. बहुतेक जण तक्त्याशी पहिली ओळख करून घेतात ती याच एका ओळीच्या बदलाने. तीन अडचणी मात्र हमखास येतात. पहिली वर सांगितलेल्या नियमाची: ज्या बफरला स्वतःचा तक्ता आहे त्याच्या कडेला जुनी तुटक रेघ परत येते, आणि एकाच पडद्यावर दोन जातींच्या सीमा दिसतात. दुसरी अडचण टर्मिनलची: ओळींमध्ये जादा अंतर ठेवलेले असेल तर फाँटमधली रेघ पुरी पडत नाही आणि फटी राहतात. काही टर्मिनल या रेघा फाँटवर न सोडता स्वतः आखतात, तिथे हा प्रश्न येत नाही. तिसरी अडचण रुंदीची. या रेघांची रुंदी युनिकोडने संदिग्ध ठरवली आहे. चिनी-जपानी सवयीच्या टर्मिनलांत त्या दोन घरे व्यापतात आणि सगळी मांडणी एका घराने सरकते. म्हणून सीमेसाठी चिन्ह निवडताना ते सुंदर आहे का याआधी ते एका घरात मावते का हे बघावे.

इमॅक्स स्वतःच्या ग्राफिक खिडकीत चालत असेल तर सीमारेघ हे अक्षर उरतच नाही. तिथे तिचा रंग वेगळ्या सेटिंगने ठरतो, आणि विंडो-डिव्हायडर-मोड लावला तर रुंदी पिक्सेलमध्ये सांगता येते. कापलेल्या आणि वळलेल्या ओळींच्या खुणाही तिथे कडेच्या चिंचोळ्या पट्टीत बाणांच्या रूपात जातात. तक्त्यातला सीमेचा खण ग्राफिक खिडकीत निष्क्रिय असतो. टर्मिनलवरची सेटिंग ग्राफिक खिडकीत का चालत नाही, या नेहमीच्या प्रश्नाचे हे उत्तर.

आता देवनागरीकडे वळतो, कारण मराठी वाचकाला या विषयाची खरी गरज तिथे आहे. युनिकोडपूर्व काळात कृतिदेव, शिवाजी यांसारख्या फाँटांत मराठी टाइप होत असे. त्या फायलींत देवनागरी नव्हतीच. साठवलेले असत ते इंग्रजी अक्षरांचे कोड. त्यांच्यावर देवनागरी आकार चढवण्याचे काम फाँट करी. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली की मराठी लेखाचा इंग्रजी अक्षरांचा चिवडा होई. अर्थ रूपात अडकला होता. रूप हरवले की अर्थही गेला. युनिकोडने मजकूर आणि रूप वेगळे केले, त्यामुळे फाँट बदलला तरी मराठी मराठीच राहते. पण वेगळे केल्यावर उलटी अडचण उभी राहिली: एकच रूप दोन निरनिराळ्या क्रमांकमाळांतून येऊ लागले.

याचा अस्सल मराठी नमुना म्हणजे 'वाऱ्या'मधला अर्धा र. 'आचार्य' आणि 'आचाऱ्याने' यांत जो फरक आहे तो मराठीला दाखवावाच लागतो, म्हणून युनिकोडने त्यासाठी ऱ हे 2353 क्रमांकाचे अक्षर वापरण्याची रीत घालून दिली. त्या रीतीने 'वाऱ्या' हा शब्द असा साठतो: 2357, 2366, 2353, 2381, 2351, 2366. सहा क्रमांक. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीतली जुनी रीत वेगळी होती: साधा र, हलन्त आणि त्यापुढे 8205 क्रमांकाचा अदृश्य जोडक. हा जोडक जागा घेत नाही, शाई घेत नाही. आधीच्या व्यंजनाचे अर्धे रूप दाखवा एवढेच सांगतो. त्या रीतीने तोच शब्द 2357, 2366, 2352, 2381, 8205, 2351, 2366 असा सात क्रमांकांचा होतो. युनिकोडच्या प्रमाणग्रंथाने जुन्या फायलींसाठी ही रीतही मान्य ठेवली आहे, त्यामुळे चांगला फाँट दोन्हींचे चित्र एकच काढतो. शब्दसूची करणारा प्रोग्राम मात्र त्यांना दोन शब्द मानतो, आणि अकारविल्हे लावताना एक 'वाऱ्या' एका ठिकाणी आणि दुसरा भलतीकडे जातो. शब्दकोशाचे किंवा सूचीचे काम ज्यांनी केले आहे त्यांना हा जाच सांगायला नको.

इमॅक्समध्ये हे उघड कसे पाडायचे? कर्सर अक्षरावर ठेवून डिस्क्राइब-कॅर ही कमांड दिली की क्रमांक, अधिकृत नाव आणि कोणत्या अक्षरांशी त्याचा संयोग झाला आहे हे सगळे एका यादीत मिळते. एका शब्दासाठी हे पुरे. पूर्ण प्रकरणासाठी नाही. तिथे ऑटो-कंपोझिशन-मोड बंद करावा. अक्षरांची जोडणी थांबते आणि जोडाक्षरे सुटी होऊन एकामागे एक उभी राहतात. त्याला जोड म्हणून 2023 च्या 29 व्या आवृत्तीत आलेला ग्लिफलेस-डिस्प्ले-मोड लावला की चेहरा नसलेली अक्षरे आपल्या नावाच्या आद्याक्षरांची छोटी चौकट घेऊन प्रकट होतात. असे पान वाचवत नाही, आणि ते वाचण्यासाठी नसतेच. कुठे काय दडले आहे तेवढे बघायचे आणि दोन्ही मोड काढून टाकायचे. क्रम मात्र पाळावा लागतो. जोडणी चालू असताना जोडक आकारात विरून गेलेला असतो, तेव्हा तक्त्यातला 8205 चा खण कितीही रंगवला तरी उपयोग होत नाही. तक्त्याची सत्ता सुट्या अक्षरांवर चालते, जोडलेल्यांवर नाही.

टर्मिनलवर देवनागरीचे हाल होतात त्याचेही मूळ सांगायला हवे. टर्मिनल म्हणजे सारख्या रुंदीच्या चौकोनांची जाळी. एका चौकोनात एक अक्षर हा तिचा पाया. आपल्या लिपीत 'क्ष्म्या'सारखा समूह किती चौकोनांचा हे मोजणारे प्रोग्राम आणि ते काढणारा टर्मिनल यांचे एकमत होत नाही. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर आणि कागदावर त्याच्या आधी, हा गुंता वेगळाच. मग कर्सर एका अक्षरावर दिसतो आणि खोडले जाते दुसरेच. देवनागरीचे गंभीर काम ग्राफिक खिडकीत करावे, हा सल्ला म्हणून देतो. ऑगस्ट 2020 मधल्या 27 व्या आवृत्तीपासून इमॅक्स अक्षरजोडणीसाठी हार्फबझ ही लायब्ररी वापरू शकतो. जोडाक्षरे तिथे नीट बसतात.

अदृश्य अक्षरांचा प्रश्न केवळ टापटिपीचा नाही. 2021 मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी 'ट्रोजन सोर्स' या नावाने एक धोका दाखवून दिला. अरबी-हिब्रूसारख्या उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्यांसाठी युनिकोडमध्ये दिशा बदलणारी अदृश्य अक्षरे आहेत. ती प्रोग्रामच्या शेऱ्यांत किंवा अवतरणातल्या मजकुरात पेरली तर पडद्यावर ओळीतल्या अक्षरांचा क्रम एक दिसतो आणि कंपायलर वाचतो दुसराच. कोड तपासणारा माणूस जे मंजूर करतो ते चालत नाही. चालते ते त्याने पाहिलेलेच नसते. त्यानंतर अनेक एडिटरांनी ही अक्षरे ठळक दाखवायला सुरुवात केली. दाखवणे हाच तिथे पहिला बचाव आहे.

मजकूर आणि रूप वेगळे असतात याचा सर्वांत ठाम दाखला मात्र पडद्यावर सापडत नाही. टी. व्ही. रामन पुण्यात वाढले. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुण्यात गणित, मुंबईच्या आयआयटीत संगणकशास्त्र आणि पुढे कॉर्नेलमध्ये डॉक्टरेट असा त्यांचा प्रवास. त्यांनी 1995 मध्ये इमॅकस्पीक लोकांसाठी खुला केला. तो इमॅक्सला बोलता करतो, पण पडद्यावर उमटलेली अक्षरे नुसती वाचून दाखवत नाही. प्रोग्राममधला शेरा, कीवर्ड, अवतरणातला मजकूर यांना डोळस माणसासाठी जसे रंग असतात तसे तो निरनिराळे आवाज देतो, आणि घडामोडींना छोटे ध्वनिसंकेत जोडतो. बफर तोच, फाईल तीच, रूप कानांसाठीचे. आपण करतो ती रंगरंगोटी हे एका मजकुराच्या शक्य असलेल्या अनेक रूपांतले एक रूप आहे, हे इमॅकस्पीकइतके स्पष्टपणे दुसऱ्या कशाने कळत नाही.

विम वापरणाऱ्यांनीही ही पुस्तिका बाजूला ठेवू नये. ब्रॅम मोलेनार यांनी 1991 मध्ये अमिगा संगणकासाठी प्रसिद्ध केलेल्या या एडिटरने तोच प्रश्न दोन सेटिंगांत सोडवला आहे. लिस्टचार्स हे टॅब, ओळीअखेरच्या फालतू स्पेस, न तुटणारी स्पेस, कडेबाहेर गेलेली ओळ यांच्या खुणा ठरवते. फिलचार्स हे विंडोंमधली रेघ, घडीची रेघ आणि फाईल संपल्यानंतरच्या रिकाम्या ओळींवरचे ~ चिन्ह ठरवते. निओविमने उभ्या सीमेसाठी 9474 ची सलग रेघ मुळातच देऊन ठेवली आहे. इमॅक्सइतकी मोकळीक विममध्ये नाही, प्रत्येक अक्षरासाठी खण नाही. पण जे आहे ते एका ओळीत लिहून होते. शेवटून दुसरे प्रकरण त्यासाठी राखले आहे.

आता थोडे शिस्तीबद्दल. तक्ता हाती आला की सगळेच दाखवावेसे वाटते. प्रत्येक स्पेसवर ठिपका, प्रत्येक ओळीला शेपूट, सीमेला दुहेरी रेघ. आठवडाभरात डोळे त्या खुणांना सरावतात आणि मग त्या असून नसल्यासारख्या होतात. तपासणीचे हत्यार बोथट होते ते असे. घरात रव्याची चाळणी वेगळी असते आणि मैद्याची वेगळी, आणि काम झाले की दोन्ही खिळ्याला जातात. तसेच इथे करावे. लिहिताना पडदा साधा असावा. फक्त न तुटणारी स्पेस आणि ओळीअखेरच्या स्पेस दिसाव्यात, कारण त्या लिहितानाच दुरुस्त होतात. मुद्रितशोधनाचा तक्ता वेगळा, आयात केलेल्या फायलींचा वेगळा, प्रोग्राम तपासण्याचा वेगळा. प्रत्येकाला एक छोटी कमांड नेमावी, ती लावता आणि काढता यावी. कायमचे बदल हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच ठेवावेत.

पुस्तिकेची रचना याच विचाराने केली आहे. पहिल्या प्रकरणात काहीच बदलायचे नाही. इमॅक्स जे दाखवतो ते ओळखायला शिकायचे. दुसऱ्यात तक्ता तयार करणे, तो बफरला किंवा विंडोला नेमणे आणि काढून टाकणे. तिसरे प्रकरण संपूर्णपणे देवनागरीचे: विसर्ग आणि कोलन, दंड आणि उभी रेघ, दोन प्रकारचे 'ॲ', दोन प्रकारचे 'ऱ्य'. चौथ्यात सीमा, पट्ट्या आणि टर्मिनलची भांडणे. पाचव्यात विम, आणि शेवटी निरनिराळ्या कामांचे तयार तक्ते, जे जसेच्या तसे उतरवून घेता येतील. प्रोग्रामिंग येत नसलेल्या संपादकाला, मुद्रितशोधकाला, कोशाच्या कामावरच्या माणसाला पुढे जाता यावे अशी काळजी घेतली आहे. कंस जुळवून ओळ उतरवता आली की पुरे.

वाचायला बसण्याआधी एक काम करावे. स्वतःची एक जुनी फाईल निवडावी, शक्यतो निरनिराळ्या हातांतून, निरनिराळ्या संगणकांवरून फिरून आलेली. ती इमॅक्समध्ये उघडून हाउ-मेनी या कमांडने तिच्यात 160 क्रमांकाच्या स्पेस किती, 8205 चे जोडक किती आणि देवनागरी अक्षराला चिकटलेले कोलन किती ते मोजावे. तिन्ही आकडे शून्य आले तर पहिल्या प्रकरणापासून सावकाश सुरुवात करावी. एकही आकडा मोठा निघाला, तर सरळ तिसरे प्रकरण उघडून फाईल आधी दुरुस्त करून घ्यावी आणि सीमेची रेघ नंतर निवडावी.